परमिट हातात आहे तरी विमान मोपावरच उभं, हे परत परत का होतं

पहाटे पावणेदोनला फोन वाजला की पोटात गोळाच येतो, कारण त्या वेळेला चांगली बातमी द्यायला कोणी फोन करत नाही. डिसेंबरातली गोष्ट. गोव्याच्या मोपा एअरपोर्टवरून दुबईला जाणारं प्रायव्हेट जेट, पॅसेंजर लाउंजमध्ये येऊन बसलेले, इमिग्रेशन झालेलं, फ्युएल भरलेलं, आणि एअरपोर्टवरचा आमच्या ऑफिसचा मुलगा सांगतोय, "प्लॅन परत आयलो गो, तारीख जुळना म्हण्टात."

परमिट, म्हणजे दुसऱ्या देशावरून जायची किंवा तिथे उतरायची परवानगी, ते होतं की. पीडीएफ समोर उघडी, नंबर आहे, रजिस्ट्रेशन बरोबर, रूट बरोबर, तारीख १४. आणि आम्ही निघत होतो १४ तारखेलाच, पहाटे दोन वाजता. पण फ्लाइट प्लॅन, म्हणजे उड्डाणाचा तपशील जो आधी कंट्रोलला द्यायचा असतो, तो यूटीसीमध्ये, सगळ्या जगाने धरलेल्या एकाच वेळेत भरतात, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे १४ च्या पहाटेचे दोन हे यूटीसीत १३ च्या रात्रीचे साडेआठ. अर्ज करताना कोणीतरी तिकिटावरची तारीख लिहावी तशी १४ लिहून दिली होती. ओमानचं ओव्हरफ्लाइट परमिट १४, दुबईचं लँडिंग परमिट १४, आणि आमचं विमान यूटीसीच्या हिशेबाने दोन्हीकडे १३ लाच पोचणार होतं. परमिटला बहुधा पुढे मुदत असते, मागे नसते. एक दिवस उशिरा गेलात तर बहुतेक वेळा चालून जातं, एक तास आधी गेलात तर नाही.

शेवटी आम्ही मस्कतच्या हद्दीत यूटीसीचे बारा वाजून गेल्यावर शिरू असा हिशेब करून सव्वाचारला निघालो, दुबईचा स्लॉट, म्हणजे उतरायची ठरवून दिलेली वेळ, परत मागितला, आणि सव्वादोन तास ती माणसं खुर्च्यांवर बसून राहिली. त्यात एक आजी होत्या, नातवाच्या लग्नाला निघालेल्या, त्यांनी दोनदा विचारलं "बाय, काय झालं गो?" आणि मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. तेव्हापासून हे सगळं लिहून काढायचं डोक्यात होतं.

मी प्रायव्हेट विमानांची परमिटं काढायचं हे काम बरीच वर्षं करतेय आणि माझा अनुभव असा आहे की परमिट मिळालंच नाही असं फार कमी वेळा होतं. होतं काय, तर परमिट एका फ्लाइटला मिळालेलं असतं आणि प्रत्यक्षात उडणारी फ्लाइट थोडी वेगळी असते. तारखेत, रूटमध्ये, शेपटीवरच्या रजिस्ट्रेशनच्या अक्षरांत, कॉलसाइनमध्ये म्हणजे रेडिओवरच्या नावात, कुठेतरी एक जागा बदललेली असते आणि ती बदलताना परमिटची आठवण कोणाला झालेली नसते. म्हणून फ्लाइट अडकली की "परमिट आहे का" हा प्रश्न विचारून उपयोग नाही, "परमिटमध्ये काय लिहिलंय आणि प्लॅनमध्ये काय भरलंय" हे दोन कागद शेजारी ठेवून बघायचं.

तारखेचंच आधी पूर्ण सांगते, कारण रात्री निघणाऱ्या फ्लाइटमध्ये निम्मी डोकेदुखी इथेच असते. समजा तुम्ही पहाटे साडेचारला निघताय, १४ तारीख. यूटीसीत १३ चे २३:००. फ्लाइट प्लॅनच्या आयटम १८ मध्ये, म्हणजे १८ नंबरच्या रकान्यात, डीओएफ (उड्डाणाची तारीख) पुढे १३ तारीखच जाणार. आता गोव्याहून मस्कत एफआयआरच्या, म्हणजे मस्कतच्या कंट्रोलकडे असलेल्या आकाशाच्या, हद्दीला पोचायला दीड-पावणेदोन तास लागतात, म्हणजे तुम्ही ओमानच्या आकाशात शिराल तेव्हा यूटीसीत १४ उजाडलेली असेल, आणि दुबईत टेकाल तेव्हाही १४. म्हणजे एकाच फ्लाइटसाठी भारतात १३, ओमानला १४, यूएईला १४. घड्याळात बघाल तर तिन्हीकडे १४ च दिसतेय, आणि प्लॅनवर बघाल तर १३ च दिसतेय, दोन्ही ठिकाणी फसायला होतं. प्रत्येक देशाला त्याच्या हद्दीत शिरायची किंवा तिथे उतरायची यूटीसी तारीख द्यायची, निघायची तारीख नाही, एवढं डोक्यात बसलं की झालं. आणि रात्री बारा ते सकाळी साडेपाचच्या मध्ये आपल्या वेळेने काहीही होत असेल, निघणं असो, हद्द ओलांडणं असो, की उतरणं असो, तर ती तारीख दोनदा मोजायची.

मालक मंडळी दर वेळी एक गोष्ट विचारतात, की आमचं स्वतःचं विमान, आम्ही तिकीट विकत नाही, मग परमिट कशाला हवं. प्रश्न बरोबर आहे खरं तर. १९४४ च्या शिकागो कन्व्हेन्शनच्या कलम ५ मध्ये शेड्यूल्ड नसलेल्या, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकावर न चालणाऱ्या विमानांना आधी परवानगी न घेता दुसऱ्या देशावरून जायची आणि उतरायची मुभा दिलेली आहे. पण त्याच कलमात पैसे घेऊन माणसं किंवा माल नेणाऱ्यांवर अटी घालायचा अधिकारही त्या त्या देशाला दिलाय, आणि प्रत्यक्षात अनेक देश खाजगी विमानाकडूनही आधी परमिट मागतातच. कोण काय मागतो, किती दिवस आधी मागतो, कोणती कागदपत्रं मागतो, हे त्या देशाच्या एआयपीमध्ये, म्हणजे विमानांसाठीच्या सरकारी माहितीच्या पुस्तकात, जेन १.२ या भागात लिहिलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी "मागच्या वर्षी तीन दिवसांत झालं होतं" म्हणतो त्यावर जाऊ नका, ते पान उघडून वाचा, दहा मिनिटं लागतात.

आणि हो, प्रायव्हेट की चार्टर, हे खरं तेच लिहा. फ्लाइट प्लॅनच्या आयटम ८ मध्ये जनरल एव्हिएशनला जी, नॉन-शेड्यूल्डला एन. विमान एनएसओपीवर, म्हणजे चार्टर चालवायच्या परवान्यावर आहे, पॅसेंजरनी पैसे भरलेत, पण प्रायव्हेटचं परमिट लवकर होतं म्हणून जी टाकायचं, हे मी लोकांना करताना बघितलंय आणि मला ते अजिबात पटत नाही. तिकडच्या रॅम्पवर, विमानं उभी करतात तिथे, कोणी पॅसेंजरला सहज विचारलं की तुम्ही मालकाचे कोण, आणि तो भाबडेपणाने म्हणाला की आम्ही बुक केलंय, तर विमान, क्रू आणि इन्शुरन्स तिन्ही एकदम अडचणीत. इन्शुरन्स प्रायव्हेट वापराचा असेल आणि उड्डाण पैशाचं निघालं तर क्लेम मागायला तोंड राहत नाही. युरोपात चार्टर न्यायचा तर ऑपरेटरकडे ईएएसए या युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेचं टीसीओ (बाहेरच्या देशांतल्या ऑपरेटरसाठीचं) ऑथरायझेशन लागतं, प्रायव्हेटला लागत नाही, म्हणजे तिथे हा नुसता एका अक्षराचा फरक नाही, पूर्ण वेगळी वाट आहे आणि ती आठवडाभरात उरकत नाही.

रूटबद्दल. बऱ्याच ओव्हरफ्लाइट परमिटमध्ये आत शिरायचा आणि बाहेर पडायचा पॉइंट लिहिलेला असतो. मुंबई आणि मस्कतच्या हद्दीवर रास्की, पारार, किटाल असे पॉइंट आहेत, तुम्ही अर्जात रास्की दिलंय आणि आदल्या रात्री डिस्पॅचरने वारा बघून, चार मिनिटं वाचतात म्हणून किटालवरून प्लॅन काढलाय, तर ती चार मिनिटं दोन तासांना पडू शकतात. डिस्पॅचरची चूक नाही, त्याचं कामच आहे चांगला रूट काढणं, पण त्याला परमिटची कॉपी कोणी दिलेली नसते. आमच्याकडे आता नियम आहे, परमिट आलं की पहिली कॉपी डिस्पॅचरला, मग कॅप्टनला, मग बाकीच्यांना. दुसरी गोष्ट, जुन्या ट्रिपचा रूट कॉपी-पेस्ट करू नका. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, गोव्याहून आखातात जाताना आपण समुद्रावरून जातो म्हणून तेवढं जाणवत नाही, पण मध्य आशिया किंवा युरोपकडचा त्याआधीचा रूट काढून तसाच अर्जाला लावला तर त्यात कराची एफआयआर येतो आणि मग सगळ्या देशांचे पॉइंट बदलून परत पहिल्यापासून.

आता गोव्याचं स्वतःचं एक आहे जे बाहेरच्या एजंटना समजावून समजावून मी दमलेय. आपल्याकडे दोन एअरपोर्ट. दाबोळीचा कोड व्हीओजीओ, मोपाचा व्हीओजीए, शेवटचं एकच अक्षर वेगळं. मोपा २०२३ च्या ५ जानेवारीला सुरू झालं, आणि कित्येक एजंटांच्या जुन्या फॉर्ममध्ये अजून गोवा म्हटलं की व्हीओजीओ आपोआप येतं. परमिटवर निघायचं ठिकाण दाबोळी, प्लॅनवर मोपा. काही देश याकडे बघत पण नाहीत, काही ठिकाणी मात्र सेक्टर, म्हणजे कुठून कुठे ते, जुळत नाही म्हणून रिव्हिजन मागतात, आणि कोण मागेल ते त्या रात्रीच्या ड्युटीवरच्या माणसावर असतं म्हणून आधीच बरोबर करून घ्यायचं. परतीच्या वेळी तर जास्तच लक्ष द्या. दाबोळी हा नेव्हीचा तळ आहे, आयएनएस हंसा, आठवड्याच्या दिवसांत सकाळी नेव्हीच्या सरावासाठी सिव्हिल विमानांना वेळेचं बंधन असतं. मालक म्हणतात आम्ही वास्कोला राहतो, सकाळी दहाला दाबोळीलाच उतरवा, आणि मग आयत्या वेळी मोपा करावं लागतं, कस्टम्स आणि इमिग्रेशनला परत कळवा, स्लॉट परत घ्या, गाडी वास्कोहून पेडण्याला पाठवा. त्यापेक्षा ट्रिप ठरतानाच नोटॅम (वैमानिकांसाठी निघणाऱ्या सूचना) काढून मालकांच्या समोर ठेवा आणि एकदाच ठरवा.

कागदपत्रांत काय होतं ते थोडक्यात. शिकागो कन्व्हेन्शनच्या कलम २९ प्रमाणे विमानात रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, एअरवर्दीनेस, क्रूची लायसन्सं, जर्नी लॉग, रेडिओ लायसन्स, पॅसेंजरची यादी हे असावंच लागतं, आणि परमिटसाठी यातलंच बरंचसं अधिक इन्शुरन्स पाठवायचं असतं. इन्शुरन्सवर कोणते देश कव्हर आहेत ते वाचा, नुसतं सर्टिफिकेट आहे म्हणून जोडू नका. मालकी बदलली असेल तर रजिस्ट्रेशनवर नवीन कंपनीचं नाव आणि इन्शुरन्सवर जुन्या, असं सर्रास सापडतं. टेक-ऑफचं कमाल वजन एका कागदावर एक आणि फॉर्ममध्ये दुसरं, हेही. एआरसी, म्हणजे विमान उडायला योग्य असल्याचं तपासणीचं सर्टिफिकेट, जाताना चालू असतं आणि परत यायच्या दोन दिवस आधी संपतं, हे मी स्वतः एकदा पकडलंय, निघायच्या आदल्या संध्याकाळी, पर्वरीच्या ऑफिसात प्रिंट काढताना सहज खालची तारीख दिसली म्हणून. दिसली नसती तर विमान कोलंबोत अडकलं असतं. म्हणून प्रत्येक कागदाची मुदत परतीच्या तारखेला मोजायची, जायच्या तारखेला नाही, आणि वर चार दिवस जास्तीचे धरायचे.

विमान बदलणं हा वेगळाच ताप. चवथीच्या आधीच्या आठवड्यात असंच झालं होतं, मस्कतची ट्रिप, विमानात बिघाड निघाला, ऑपरेटरने म्हटलं काही काळजी करू नका दुसरं विमान देतो, तेच मॉडेल, तेच क्रू. सगळ्यांना हायसं वाटलं. पण परमिट पहिल्या विमानाच्या नावावर, आणि दुसऱ्याचं एकच अक्षर वेगळं असलं तरी परमिटच्या दृष्टीने ते पूर्ण परकं विमान. काही देश अर्जातच स्टँडबाय विमानाचं रजिस्ट्रेशन आणि त्याचे कागद घेतात, तिथे दुसरं विमान पहिल्या दिवशीच टाकून ठेवा, बदलायची वेळ आली नाही तर काही बिघडत नाही. तेच कॉलसाइनचं. परमिट व्हीटीच्या अक्षरांवर, म्हणजे रजिस्ट्रेशनवर काढलंय आणि प्लॅनमध्ये आयटम ७ ला कंपनीचं कॉलसाइन टाकलंय, तर तिकडच्या कंट्रोलरच्या यादीत तुम्ही सापडतच नाही, त्याच्या लेखी तुमचं परमिट नाही.

पण मला सगळ्यात जास्त राग येतो तो "कन्फर्म्ड" या शब्दाचा. मधे साखळी असते, ब्रोकर, त्याचा परमिट एजंट, त्याचा तिकडचा सब-एजंट, मग तिथला हँडलर, म्हणजे एअरपोर्टवर विमानाची सोय बघणारा. एकदा एका एजंटने मला मेसेज केला, परमिट कन्फर्म्ड, पुढे एक नंबर. मी विश्वास ठेवला, प्लॅनच्या रिमार्कमध्ये तो नंबर गेला, आणि संध्याकाळी कळलं की तो परमिटचा नंबर नव्हताच, अर्ज पोचल्याची पोच होती. अर्ज अजून टेबलावर पडलेला. त्या दिवशी फ्लाइट सहा तास उशिरा गेली आणि क्रूची ड्युटी संपत आल्यामुळे दुसरा को-पायलट बोलवावा लागला. तेव्हापासून मी नंबर घेत नाही, कागद मागते, त्या देशाच्या सिव्हिल एव्हिएशनच्या नावाने आलेला कागद किंवा त्यांचा मूळ मेल, ज्याच्यावर रजिस्ट्रेशन, सेक्टर, तारीख आणि मुदत दिसतेय. एजंट म्हणतो मॅडम आमच्यावर भरोसा नाही का. भरोसा आहे, पण कागद पाठवा.

आणि परमिट म्हणजे स्लॉट नाही, स्लॉट म्हणजे पार्किंग नाही. हे तीन वेगळे लोक देतात. मालदीवच्या मालेला हे फार होतं. नाताळ ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत तिथे एवढी प्रायव्हेट विमानं येतात की पॅसेंजर उतरवून विमान दुसरीकडे न्यायला सांगतात, मग ते तिथल्याच गान किंवा हनिमाधूला नेणार, कोलंबोला नेणार, की परत त्रिवेंद्रमला आणणार, हे आधी ठरलेलं हवं. कोलंबोला न्यायचं तर श्रीलंकेचं परमिट आलं, रिकाम्या विमानालाही. लोक जायचं-यायचं परमिट काढतात आणि हे मधले दोन रिकामे सेक्टर विसरतात.

सुट्ट्या. "दोन कामाचे दिवस" असं जिथे लिहिलंय तिथे कोणाच्या कामाचे ते बघा. ओमान, सौदी, मालदीव इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी. यूएईने २०२२ पासून शनिवार-रविवार केली, शुक्रवारी अर्धा दिवस. नेपाळला शनिवारची सुट्टी. श्रीलंकेत दर पौर्णिमेला पोया, सरकारी ऑफिस बंद, आणि हे आपल्याला तर कळायलाच हवं, घरी कालनिर्णय टांगलेलं असतं. गुरुवारी दुपारी साडेचारला तुम्ही मस्कतला अर्ज टाकला तर तिथे तीन वाजलेत, ऑफिस उठायच्या तयारीत, मग दोन कामाचे दिवस म्हणजे रविवार आणि सोमवार. इथे बसून आपण शुक्रवारी संध्याकाळी "अजून कसं आलं नाही" करत राहतो.

आम्ही आता निघायच्या आदल्या संध्याकाळी एक काम न चुकता करतो. भरलेला प्लॅन आणि सगळी परमिटं प्रिंट काढतो, दोघं समोरासमोर बसतो, एक जण परमिट मोठ्याने वाचतो आणि दुसरा प्लॅनवर पेन्सिल ठेवून एकेक गोष्ट मिळवतो. जमीन घेताना एक-चौदाचा उतारा लोक कसा वाचतात, प्रत्येक नाव, प्रत्येक सर्व्हे नंबर, आडनावातलं एक अक्षर सुद्धा न सोडता, तसं. रजिस्ट्रेशन अक्षर अक्षर सुटं वाचायचं, एका दमात वाचलं की डोळा चूक झाकून नेतो. एकदा यू च्या जागी व्ही होतं, परमिट देणाऱ्यांकडूनच टाइप करताना चुकलं होतं, माझ्या डोळ्यांना चार वेळा बरोबर दिसलं, सोबतच्या मुलीने "वी फॉर व्हिक्टर" असं मोठ्याने म्हटलं तेव्हा मी थांबवलं. वीस मिनिटांचं काम आहे. स्क्रीनवर एकट्याने केलं तर ते होत नाही, मी करून बघितलंय.

एवढं करूनही कधीतरी अडकणारच, तेव्हा काय करायचं. आधी नक्की कोणी अडवलंय ते शोधा, कारण आपल्याकडचा एफआयसी (फ्लाइट इन्फर्मेशन सेंटर) किंवा एडीसी (एअर डिफेन्स क्लिअरन्स) नंबर राहिलाय, नेव्हीचं काही आहे, की पुढच्या देशाने परत पाठवलंय, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि रॅम्पवरचा माणूस तिन्हीला "परमिटचं काहीतरी" असंच म्हणतो. पुढच्या देशाचं असेल तर एजंटच्या साखळीतून जाऊ नका, उतरायच्या ठिकाणच्या हँडलरला थेट फोन करा, त्याच्याकडे तिथल्या ड्युटी ऑफिसरचा नंबर असतो आणि तो त्यांच्या भाषेत बोलतो. त्याला गोष्ट सांगत बसू नका, परमिटवर काय आहे, प्लॅनवर काय आहे, यातलं काय बदलून हवंय, एका मेलमध्ये तीन ओळी, कागद जोडलेले. बऱ्याचदा परमिट बदलण्यापेक्षा प्लॅन बदलणं सोपं असतं, एन्ट्री पॉइंट जुना टाका, कॉलसाइन परमिटप्रमाणे करा, तारखेचा घोळ असेल तर आम्ही केलं तसं वेळ पुढे ढकला, म्हणून आधी ते जमतंय का बघा. अर्ध्या तासाच्या वर उशीर होणार असं दिसलं की लगेच डिले मेसेज टाका, नाहीतर परमिटचं काम होईल आणि प्लॅन अडकेल. क्रूची ड्युटी कुठपर्यंत चालते ती वेळ कॅप्टनकडून लगेच लिहून घ्या, पुढचे सगळे निर्णय त्या वेळेच्या आत बसवायचेत. आणि परमिट पुढे किती चालतं, २४ तास की ४८ की ७२, की फक्त त्याच दिवशी, हे अर्ज करतानाच विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असेल तर त्या रात्री कोणाला झोपेतून उठवावं लागत नाही.

पॅसेंजरला मात्र खरं सांगा. मी आता सांगते, की तारखेच्या हिशेबात आमच्याकडून चूक झालीय, सव्वाचारला निघू, तोवर चहा मागवलाय. लोक समजून घेतात. "टेक्निकल इश्यू" म्हटलं की त्यांना वाटतं विमानातच काहीतरी बिघडलंय, आणि मग आजी बिचाऱ्या पूर्ण वाटभर देवाचं नाव घेत बसतात.